चौदा मिलीलिटर

मी संशयी माणूस आहे. चहात साखर घातली असं बायकोनं सांगितलं तरी मी चव घेऊन बघतो. इंदूरच्या एका शाळेत मी बारावीला केमिस्ट्री शिकवतो. तिथं हा स्वभाव फार कामाला येतो, असं मला वाटायचं.

त्या वर्षी प्रॅक्टिकल परीक्षेत ऑक्झॅलिक ॲसिडच्या द्रावणाची मोलॅरिटी, म्हणजे तीव्रता, काढायची होती. द्रावण मीच बनवलं होतं, दरवर्षीसारखं लिटरला १२.६ ग्रॅम, म्हणजे ०.१. दहा मिलीलिटर ॲसिडमध्ये ब्युरेटच्या तोटीवाल्या नळीतला दहा मिलीलिटर कॉस्टिक सोडा पडला की रंग गुलाबी व्हायला हवा.

वीस मुलांनी दहाच लिहिले. एका मुलीनं चौदा लिहिले आणि उत्तर काढलं ०.१४. वडिलांची बदली झाली म्हणून ती त्याच वर्षी सांगलीहून इथल्या सुदामा नगरात राहायला आली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"सच सच सांग, नळी उघडी ठेवून गप्पा मारत होतीस न?"

"नाही सर. शेवटी थेंब थेंबच सोडला."

"फिर से कर. मी इथंच उभा आहे."

या परीक्षेचे मार्क निकालात धरले जाणार होते आणि ते तिला ठाऊक होतं. तिनं ब्युरेट पुन्हा भरली. पुन्हा चौदालाच रंग आला. तरी मी तिच्या फाइलवर लाल फुली मारली.

पोरं गेल्यावर राहवेना म्हणून मी स्वतः करून पाहिलं. चौदा. मग ॲसिडची बाटली उचलली. आमच्याकडे नेहमी पाणी धरलेले स्फटिक येतात. ही नवी बाटली निर्जल पावडरची होती. तेवढ्याच वजनात त्यात ॲसिड जास्त. लेबल मी वाचलंच नव्हतं.

म्हणजे त्या वीस जणांचे दहा आले कुठून? दुसऱ्या दिवशी एकाला बाजूला घेतलं.

"सर, मोठ्या भियाची जुनी फाइल आहे न घरी. हर साल पॉइंट वनच येतं," तो म्हणाला. त्याला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चोर सोडून मी संन्याशाला सुळी द्यायला निघालो होतो.

वीस जणांचे मार्क कापायचे तर प्रिन्सिपलना माझी चूक सांगावी लागली असती. मी सगळ्यांना पूर्ण मार्क देऊन टाकले. तिलाही. लाज वाटली, पण सुटल्यासारखंही वाटलं.

मार्कांची यादी लागली त्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली.

"सर, माझं उत्तर बरोबर होतं का?"

"हो."

"मग बाकीच्यांचं?"

मी समोरच्या वह्या सारख्या करू लागलो. तिनं फाइल उघडून माझ्यापुढे ठेवली.

"मग ही फुली खोडून सही करा ना, सर."

फाइल प्रिन्सिपलकडे जाणार होती; खोडलेल्या फुलीवर माझी सही दिसली की चूक माझी हे उघड झालं असतं. पेन माझ्या शर्टाच्या खिशात होतं.

"आत्ता पेन नाहीये," मी म्हणालो. "बाद में बघू."

तिनं माझ्या खिशाकडे पाहिलं आणि फाइल उचलली.