मामांच्या दोन बाटल्या

कॉलेजात त्यांना सगळे मामा म्हणत. मुलं म्हणतच, पण वयाने मोठे प्राचार्यही म्हणत. धातूंच्या प्रयोगशाळेत सत्तावीस वर्षं काढलेल्या या सहायकाने मळका नमुना कधी वर्गापुढे ठेवला नव्हता. वस्तू लख्ख दिसली नाही तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

यंदा धातुशास्त्र शिकवणाऱ्या मॅडमनी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला नवा विषय सुरू केला होता: माणसाच्या शरीरात बसवायचे धातू, प्लास्टिक आणि सिरॅमिक. इंजिनं सोडून हाडांत कशाला घुसायचं, म्हणून मुलं कुरकुरत होती. मामांनी मात्र पहिल्याच तासाला कान टवकारले, कारण घरी त्यांची थोरली बहीण खुब्याच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. सांधा बदला, चालायला लागाल, असं डॉक्टर सांगून थकले. ताईचं एकच पालुपद, धातू अंगात गंजेल.

टायटॅनियम गंजत नाही, त्याच्यावर आपोआप पातळ थर धरतो आणि तोच त्याला राखतो, असं मॅडम म्हणाल्या. मामांनी ते मनावर घेतलं. त्यांनी टायटॅनियमचा एक तुकडा मागून घेतला, रक्ताइतक्या खारट पाण्याच्या बाटलीत सोडला आणि बाटली अंगाइतक्या उबदार पेटीत ठेवली. महिन्याने आणून दाखवतो, असं ताईला छातीठोकपणे सांगूनही टाकलं.

तीन आठवड्यांतच तुकड्यावर तांबूस ठिपके उठले. मामांच्या पायाखालची जमीन सरकली. हे पाहिल्यावर ताई ऑपरेशनचं नावसुद्धा काढू देणार नव्हती. नवा कोरा तुकडा नेऊन दाखवावा, तिला काय कळतंय, असंही मनात येऊन गेलं आणि त्याची त्यांना लाज वाटली. बाटली त्यांनी सरळ मॅडमच्या टेबलावर ठेवली.

मॅडमनी भिंगातून पाहिलं आणि तुकडा कशाने घासला होता ते विचारलं. तारेच्या ब्रशने, मामा म्हणाले, अगदी लख्ख.

"मामा, हा गंज टायटॅनियमचा नाही. तुमच्या ब्रशचा आहे."

ब्रशच्या तारा साध्या लोखंडाच्या. त्यांचे बारीक कण तुकड्यात रुतले होते आणि तेच गंजले होते. सत्तावीस वर्षांची हौस अशी अंगाशी आली. मॅडम रागावल्या मात्र नाहीत. त्यांनी मामांना वर्गात फळ्यापाशी उभं करून सगळी हकिकत सांगायला लावली. मग कारखान्यात ब्रश वेगळे ठेवतात का, हातमोजे कशाला घालतात, मुलांचे प्रश्न थांबेनात. दुसरा तुकडा लोखंड न लावता साफ करून मुलांनीच नव्या बाटलीत सोडला.

महिन्याने मामा दोन्ही बाटल्या घरी घेऊन गेले. आपला गाढवपणा त्यांनी काहीही न लपवता सांगितला आणि नकार ऐकायच्या तयारीने बसले. ताईने चष्मा पुसून दोन्ही बाटल्या बराच वेळ उजेडात धरल्या.

"चांगला तुकडा कुणीही दाखवला असता," ती म्हणाली. "तू गंजलेलापण आणलास. डॉक्टरांना हो म्हणून सांग. आणि ते ब्रश कुठला वापरतात, तेवढं विचारून ये."

मामांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना ते खरंच विचारलं.

पुढच्या वर्षी पहिल्या तासाला मॅडमनी दोन्ही बाटल्या टेबलावर मांडल्या. तिसरा नमुना काठी न टेकता दोन जिने चढून आला होता आणि खुर्ची दिली तरी बसायला तयार नव्हता.