माझ्या हाताच्या उंचीची कपाटं

अमरावतीतलं आमचं स्वयंपाकघर बांधताना मला कुणी काही विचारलं नव्हतं. माझी उंची चार फूट दहा इंच आणि भिंतीवरची फळी गवंड्याच्या हाताला सोयीची. त्यामुळे एकतीस वर्षं मी पाटावर चढून डबे काढले. मागच्या वर्षी पाट सरकला, माझं मनगट मोडलं आणि यांनी फर्मान काढलं की आता चढायचं नाही, मला हाक मारायची. घरात आम्ही दोघंच, दोघंही निवृत्त. हळद हवी तरी हाक, पोहे हवेत तरी हाक. हे पेपर बाजूला ठेवून "काय काढून देऊ?" म्हणत यायचे. कधी कुरकुर केली नाही, आणि त्याचाच मला जास्त राग यायचा. स्वतःच्या स्वयंपाकघरात मी पाहुणी झाले होते.

अशात अकोल्याला धाकट्या बहिणीकडे गेले आणि तिची नव्या पद्धतीची कपाटं पाहिली. खोक्यातून सुटी येतात, घरी आपणच जोडायची. पांढरी स्वच्छ, दारं आवाज न करता मिटणारी. मी एकेक दार चार-चार वेळा उघडून पाहिलं. ही कपाटं भिंतीवर आपल्याला हवी तिथे टांगता येतात हे कळलं आणि मला बसवेना. बहीण मात्र सरळ बोलणारी. तिने मला सिंकखाली वाकायला लावलं आणि तिथल्या कपाटाची फुगलेली कड दाखवली.

"सिंकखाली हे ठेवू नोको, ताई," ती म्हणाली. "बाकीच्यांनी दोन उन्हाळे कूलरच्या ओलीत काढले, काही झालं नाई."

तिच्याकडची एक जादा फळी मी पिशवीत घालून आणली. बडनेऱ्याला उतरेपर्यंत माझ्या डोक्यात सगळे डबे जागेवर लागलेही होते.

घरी यांचा हट्ट सागवानाचा. चार वर्षांपासून "दिवाळीनंतर पाहू" म्हणणाऱ्या मिस्त्रींना यांनी मुद्दाम बोलावलं, आणि या वेळी ते चक्क आले. फळीची कड त्यांनी नखाने खरवडली, वास घेतला आणि सागवानाचा अंदाज सांगितला. तो या कपाटांच्या चौपट होता.

"बाई, हा दाबलेला भुसा हाये," ते म्हणाले. "सागवान तीन पिढ्या जाते."

आमची एकुलती एक लेक लग्न होऊन नागपूरला, तिचं स्वयंपाकघर तिच्या मनासारखं. पिढ्या कोण मोजणार होतं?

"मले तीन पिढ्या नाई पायजे, भाऊ," मी म्हटलं. "मी बासष्टची आहे. मले दहा वर्षं पायजे, अन् आतापासून पायजे."

मिस्त्रींनी यांच्याकडे पाहिलं, यांनी छताकडे. शेवटी सिंकखालचं कपाट तेवढं मिस्त्रींनी सागवानाचं करायचं ठरलं, दिवाळीनंतर. तिथे अजून पडदाच आहे.

तरी यांचं समाधान होईना. यांनी ती फळी दोन विटांवर आडवी ठेवली, वर तुरीच्या डाळीचा भरलेला डबा ठेवला आणि रोज सकाळी खालून दोरा ताणून ती वाकली का ते पाहू लागले. मी जाता-येता हसत होते, पण आतून धाकधूक होती. आठव्या दिवशी यांनी दोरा गुंडाळून खिशात घातला आणि म्हणाले, "मागव."

खोकी आली त्या दिवशी आमचं जेवण दोनदा गरम करावं लागलं. हॉलभर फळ्या, वाटीत स्क्रू, यांच्या नाकावर चष्मा आणि हातात माहितीपत्रक. पहिल्या कपाटाची पाठ उलटी बसली, सगळं खोलून पुन्हा जोडलं. एरवी यावरून दोघांचं चांगलं वाजलं असतं. त्या दिवशी आम्ही हसत सुटलो.

टांगायची वेळ आली तेव्हा हे पत्रकातली उंची मोजायला लागले. मी टेप काढून घेतली, भिंतीशी अनवाणी उभी राहिले आणि हात वर केला. यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि माझ्या बोटांच्या टोकाशी भिंतीवर रेघ ओढली. सगळ्यात वरची फळी त्या रेघेच्या खाली आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या हाताने चहापत्तीचा डबा काढला. इतकं बरं वाटलं की परत ठेवून पुन्हा काढला. खडखड ऐकून हे सवयीने आत आले, "काय काढून देऊ?" म्हणत. काही नको, बसा, चहा आणते, असं मी म्हटलं. पण ते गेले नाहीत, तिथेच उभे राहिले.

कपाटाशेजारी ती पेन्सिलीची रेघ तशीच दिसत होती. मी ओलं फडकं घेऊन पुसायला गेले, तर यांनी माझा हात धरला.

"राहू दे," ते म्हणाले. "दहा वर्षांनी दुसरी बसवू, तवा तुले पुन्हा मोजावं लागणार नाई."