माटोळीखाली सांगितलेलं

हळर्णच्या आमच्या मूळ घरात चवथीला गणपतीच्या डोक्यावरची माटोळी, म्हणजे फळं टांगायची चौकटी-चौकटींची लाकडी जाळी, बांधायचं काम माझं आणि चुलतभावाचं, दादाचं. तो स्टुलावर, मी खालून नारळ, सुपारीचे घोस, रानफळं देणारी. डिचोलीच्या ज्या कारखान्यात आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो, तिथे तो माझा साहेब. नोकरीही त्यानेच लावलेली.

त्या वर्षी माटोळी बांधतानाच मी त्याला सांगितलं. कारखान्याच्या जुन्या सर्व्हरवर फायली वाटून देणारी जी सेवा चालते, तिच्यात भोक आहे. फायलीच्या नावासाठी तिने ठरावीक जागा ठेवलीय, पण येणारं नाव किती लांब ते ती मोजतच नाही. लांबलचक नाव पाठवलं की उरलेलं शेजारच्या जागेत सांडतं, आणि मशीनने पुढे काय करायचं ते नेमकं तिथे लिहिलेलं असतं. बाहेरचा कोणीही तिथे आपला हुकूम लिहू शकतो. मी करून पाहिलं होतं. बनवणाऱ्या कंपनीकडून दुरुस्ती कधीच आली होती. पण अपडेट करताना मशीन मध्येच बंद पडतं म्हणून ते दादानेच थांबवले होते.

सुपाऱ्या निवडत बसलेली काकी, त्याची आई, हसली. "एकाच चौकटीत सगळां बांदलां तर शेजारचो नारळ पडतलोच!"

"चवथ जाव दी गो, मागीर बघतंय," दादा म्हणाला.

ईमेल मी लिहिला नाही. समोरच्या भावाला ईमेल कोण लिहितं? शिवाय माटोळीखाली बोललेलं ते देवापुढचं, असं आमच्याकडे धरून चालतात. मीही धरलं. शहाणी कुठली!

महिन्याभरात कोणीतरी त्याच भोकातून शिरलं. फायलींना कुलूप घालून गेलं; कारखान्यातल्या कामाचा एकही नकाशा उघडेना. चौकशीत दादा म्हणाला, "भोक हिला ठाऊक होतं, मला बोलली नाही." माझ्या कॉम्प्युटरवर चाचणीचा प्रोग्राम सापडलाच होता. चोराच्या उलट्या बोंबा मी समोर बसून ऐकल्या. नोकरी गेली. त्याहून लागलं ते हे, की बोलताना तो सरळ माझ्याकडे बघत होता.

पुढच्या चवथीला मी गेलेच. गणपती काही त्याच्या एकट्याचा नाही. यंदा स्टुलावर मी चढले. त्याने नारळ वर दिला तेव्हा सगळ्यांसमोर विचारलं, "दादा, गेल्या वर्षी हंयच तुका सांगलेलंय मरे?"

"माका याद ना."

काकीने हातातला सुपारीचा घोस खाली ठेवला. "माका आसा," ती म्हणाली.

दोर माझ्या हातातच राहिला. म्हणजे वर्षभर तिला आठवत होतं.