आत्याची लाल काच

माझ्या टेबलावर साबणाच्या वडीएवढा काचेचा तुकडा आहे. पाहुणे त्याला पेपरवेट समजतात, मी समजू देतो. तो माझ्या आत्याने केला. आता आत्याही नाही आणि आतोबाही.

आत्याचा हात सढळ. चहात साखर, पाहुण्यांना आग्रह, परीक्षेत गुण, सगळं ओंजळीनं. काचेच्या बाबतीत मात्र पक्की चिक्कू. कॉलेजच्या तळघरात ती भट्टीत काच वितळवायची आणि तिच्यात चिमटीचिमटीनं टर्बियम नावाच्या दुर्मिळ धातूची पूड घालायची. अशी काच अतिनील दिव्याखाली हिरवी उजळते. तो अतिनील उजेड आपल्याला दिसत नाही. टर्बियम तो पितं आणि हिरवा करून परत देतं.

आतोबा बँकेतून निवृत्त झालेले. "जन्मभर बायको काच वितळवते आणि घरात एक धड आरसा नाही," असं चारचौघांत सांगायचे. हिरव्या काचांचं घरी नेहमी ऐकायचे, तळघरात मात्र कधी फिरकले नाहीत. येतो, येतो म्हणता म्हणता त्यांचे डोळे अधू झाले. उरलीसुरली नजरही हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी सांगितलं.

आत्याने दुसऱ्याच दिवशी भट्टी पेटवली. नजर जायच्या आत त्यांना दिसेल इतकी उजळ काच करायची होती. या वेळी टर्बियमच्या जोडीला त्याच जातीचं युरोपियम होतं.

"टर्बियम उजेड घेतं आणि शेजारच्या युरोपियमला देऊन टाकतं," ती म्हणाली. "मग ते लाल उजळतं."

"म्हणजे राबायचं तू आणि मिरवायचं आतोबांनी, तसंच की."

"गप बस आणि साचा पूस. आणि रंगाचं त्यांना बोलू नकोस."

पण नवऱ्यासाठी म्हणून तिचा स्वयंपाकघरातला हात भट्टीवर आला. युरोपियम तिने सढळपणे घातलं. काच निवल्यावर आतोबांना तळघरात आणलं, झरोक्यांचे पडदे ओढले, अतिनील दिवा लावला. काच विझत्या निखाऱ्यासारखी लालसर, मरगळलेली दिसत होती. आतोबांनी नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं.

"वा. काय हिरवीगार आहे गं."

"हो ना," आत्या म्हणाली आणि चष्मा पुसत राहिली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "अजून थोडं युरोपियम घालू या."

"अरे, जास्त झालं तेच चुकलं. दाटीवाटीनं बसले की युरोपियमचे अणू उजेड एकमेकांकडेच सरकवत बसतात आणि वाटेत त्याची नुसती उष्णता होते. वर्षानुवर्षं पोरांना हेच शिकवलं मी."

मला पटलं. आमचे सगळे काका जमले की पंखा दुरुस्त करायचं काम असंच फिरायचं. सगळ्यांना घाम फुटायचा, पंखा तसाच.

दुसऱ्या काचेत तिने युरोपियम बेतानं घातलं. काच तडकू नये म्हणून छोट्या भट्टीत सावकाश निववली, आणि आतोबांना पुन्हा आणलं.

"परत कशाला? पाहिली की मी."

"बसा हो जरा."

दिवा लागला. आतोबा पुन्हा नाक टेकेपर्यंत वाकले.

"अगं, ही हिरवी नाही. लाल आहे."

आत्याने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन भट्टीकडे तोंड फिरवलं.

"आणि त्या दिवशीची?" आतोबांनी विचारलं.

"तीही लालच होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं मनापासून खोटं बोलत होतात. तुमचं मन मोडवेना."

आतोबा ओशाळून हसले. मग खुर्ची दिव्याजवळ ओढून म्हणाले, "त्या हिरव्या कुठे आहेत? काढ सगळ्या."

आत्याने कपाट उघडलं. त्या दुपारी चहा करायचं कुणाला सुचलं नाही.