चिनी डॉक्टरांचं दार

आज दसऱ्याचं तोरण बांधताना हाताला झेंडूचा वास लागला आणि घाटकोपरचं ते दार आठवलं.

पंच्याऐंशी साल असेल. मुंबईतल्या चिनी लोकांची जुनी घरं पाडली जाण्याआधी त्यांचे फोटो काढायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं होतं. दातांच्या चिनी डॉक्टरांचं ते बैठं घरही पुढच्या आठवड्यात पडणार होतं. दाराच्या दोन्ही बाजूंना चिनी अक्षरांचे लाल कागद होते आणि वर झेंडूचं ताजं तोरण.

"काकी, तोरण काढता का? घर चिनी दिसायला हवं ना," मी डॉक्टरांच्या बायकोला म्हणालो. केवढा शहाणा होतो मी!

काकींनी स्टुलावर चढून तोरण सोडलं. "लग्न झाल्यापासून दर दसऱ्याला बांधते रे मी," एवढंच म्हणाल्या.

फोटो सुरेख आला. आता त्यात मला फक्त चौकटीवरचे दोन रिकामे खिळे दिसतात.