जागेवर किती आणि जाऊन किती?

आमच्या साडूबुवांसमोर उद्या कुणी स्वर्गाचं दार उघडून धरलं, तरी ते उंबऱ्याबाहेर थांबून आधी विचारतील, "हेच घरी आणून दिलं तर? जागेवर किती आणि जाऊन किती, दोन्ही सांगा की." आणि दारावरचा गडी गोंधळून आत विचारायला जाईल, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

दोष त्यांचा नाही, नोकरीचा आहे. कुर्डुवाडीला रेल्वेत असताना नादुरुस्त डबा उभा आहे तिथंच दुरुस्त करायचा की ओढून शेडमध्ये न्यायचा, एवढं एकच ठरवण्यात त्यांची उभी हयात गेली. निवृत्त होऊन त्यांनी सोलापुरात सात रस्त्याजवळ बिऱ्हाड केलं, तेव्हा डबे मागं राहिले, प्रश्न तेवढा सोबत आला. न्हावी घरी आला तर पैसे जास्त घेणार, कबूल. पण दुकानात जायचं म्हणजे रिक्षा आली, बाकावर ताटकळणं आलं, आणि समोरच्या हॉटेलातल्या भज्यांचा वास आला. हा वास ते खर्चात धरत, कारण वासापाठोपाठ भजी येतात. बोटानं हवेत ही सगळी बेरीज झाली, की दर वेळी 'जागेवर'च जिंकायचं. मग न्हावी घरी, शिंपी घरी, चष्मेवाला घरी. दातांच्या डॉक्टरला त्यांनी "ही खुर्ची सुटी होते का हो?" असं विचारल्याचा मी साक्षीदार आहे. लग्नाच्या वाढदिवसाला स्टुडिओत जाऊन फोटो काढायचा ताईंचा, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा, हट्ट होता. साडूबुवांनी फोटोवाल्यालाच बोलावलं. त्यानं बैठकीच्या खोलीत पडदा लावला, पडद्यावर बर्फाचे डोंगर. "बघा, काश्मीरसुद्धा जागेवर!" साडूबुवा खूश. फोटोत ताई मात्र हसलेल्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात ताईंच्या मणक्यात जंतुसंसर्ग झाला. औषध शिरेतूनच द्यायचं, तेही बरेच आठवडे. पण हातांच्या शिरा दमून गेल्या होत्या. आज सुई लावावी, तर उद्या हात सुजावा. शेवटी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की आता दंडातून छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत जाणारी बारीक, लांब नळी घालू, म्हणजे रोजची टोचाटोची संपेल.

"इथं कॉटवरच सोनोग्राफीचं मशीन आणून नळी घालता येते," त्या म्हणाल्या. "नाहीतर खाली एक्स-रे विभागात, पडद्यावर बघत. तुमच्या केसमध्ये दोन्ही चालेल. इथं स्वस्त पडेल."

साडूबुवांचे डोळे चमकले. बायको आजारी असताना माणसाचे डोळे असे चमकू नयेत, पण त्यांचाही इलाज नव्हता. जन्मभर विचारलेला प्रश्न आज कुणीतरी आपणहून त्यांच्यापुढं मांडला होता!

"स्वस्त म्हणजे सगळं धरून का? हितं घातली आणि टोक भलतीकडंच गेलं, तर?"

"मग खाली न्यावं लागतं. क्वचित होतं तसं."

"म्हणजे दोन्ही खर्च बसले की! आणि पहिल्यांदाच खाली नेलं, तर नेण्याचा खर्च किती?"

"नेण्याचे वेगळे पैसे नाहीत, काका."

"पैसे न्हाई हो. खर्च विचारतोय मी."

डॉक्टरीणबाई हसल्या. "असं कुणी विचारत नाही आम्हाला. तुम्हीच काढा तो. पण संध्याकाळपर्यंत ठरवा, रात्रीचा डोस चुकायला नको."

आता हा खर्च कसा काढावा? साडूबुवांनी वॉर्डात स्ट्रेचर ढकलणाऱ्या मामांना गाठलं आणि म्हणाले, "मला स्ट्रेचरवर घालून खाली न्या."

"तुमाला? तुमाला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. बघायचंय."

निघाली वरात. स्ट्रेचरवर साडूबुवा, ढकलायला मामा, आणि मागून त्यांच्या चपला हातात घेऊन मी. लिफ्टच्या खाचेत चाक आपटलं, तसे साडूबुवा ओरडले, "हा एक धक्का!" खालच्या बोळात गार हवेत रांगेत थांबावं लागलं. येणारेजाणारे वाकून तोंड बघत आणि चुकचुकत पुढं जात. एका आजींनी तर कनवटीचा अंगारा काढून त्यांच्या कपाळाला लावला. तेवढ्यात आतून एक तंत्रज्ञ आला.

"सुमनबाई?"

"त्या वर हायत. मी अंदाज घ्यायला आलोय."

"काही खाल्लंय का?"

"वडे."

"मग यांना आणलं कशाला?" तंत्रज्ञ मामांवर डाफरला.

"मला काय ठाव! उतरा की वो आता, मागं खरा पेशंट हाय."

कपाळावर अंगारा घेऊन साडूबुवा वर आले आणि ताईंच्या उशाशी बसले. "जागेवरच," ते म्हणाले. "तितं न्हाई जायचं. धक्के लई. गार लागतं. उताणं पडून छत बघत बसायचं, आणि लोकं अशी बघत्यात, जसं काय आपण आता राहत न्हाई. तुला न्हाई सोसायचं ते."

ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "वाटंत खिडकी हाय का?"

"हाय की. लिफ्टच्या अलीकडं. रस्त्याच्या बाजूची."

"मग मला खालीच न्या."

"अगं, पण..."

"लग्न झाल्यापासून सगळं जागेवर आणून दिलंत. काश्मीरसुद्धा. नळी तरी जाऊन घालू द्या की."

साडूबुवांचं बोट हवेत उठलं होतं, ते तसंच राहिलं. "बरं," ते म्हणाले.

या खेपेला ते स्ट्रेचरची कड धरून चालत होते. खिडकी आली, तसं ताईंनी हात वर केला. मामा थांबले. ताई मानेखाली हात घेऊन कुशीवर झाल्या. खाली रस्त्यावर रिक्षा एकमेकींच्या अंगावर जात होत्या, कुणी स्कूटरवर चादरींचा गठ्ठा बांधत होतं, एक गाडीवाला डाळिंबं पुसून पुसून रचत होता. खालून मामांना हाक आली. वाट बघण्याला सगळ्यात मोठं नुकसान मानणारा हा माणूस मामांना हळूच म्हणाला, "थांबू द्या वो जरा तिला."

नळी एका फेरीत बसली. औषध पुरं झालं. ताई घरी आल्या. काठी लागते, पण चालतात.

परवा सात रस्त्यावर दोघं दिसले. मी मुद्दाम खोडी काढली, "काय साडूबुवा, शेवटी स्वस्त काय पडलं?" त्यांनी हवेत बोट फिरवलं आणि मध्येच थांबवलं. "खाली नेलं ते महागच पडलं की. पण ती खिडकीपाशी थांबली, तेवढा वेळ कुठल्या बाजूला धरायचा, ते अजून कळंना बघा."

शेजारी ताई एका गाडीवर डाळिंबं निवडत होत्या. एक उचलायच्या, कानाशी टिचकी मारून ऐकायच्या, खाली ठेवायच्या. तो गाडीवाला त्यांच्या गल्लीत रोज सकाळी येतो, हे मला ठाऊक होतं. साडूबुवांनाही ठाऊक होतं. पिशवीचं तोंड उघडं धरून ते उन्हात उभे होते.