गार टाकी

दूध संकलन केंद्रातलं शीतयंत्र सकाळीच बंद पडलं आणि केंद्र चालवणाऱ्या सुनंदाताईंनी मला फोन लावला. पूर्वी आमचा शीतयंत्रांचा कारखाना यंत्र विकून मोकळा व्हायचा. सुटा भाग पुण्याहून येईपर्यंत दूध नासायचं. आता यंत्र आमचंच राहतं, आम्ही विकतो तो फक्त गारवा; यंत्र बंद पडलं की आमचेही पैसे बंद. म्हणून मी हट्टानं सुटे भाग तालुक्याच्या गावी ठेवायला लावले होते. “तिथं माल पडून राहील,” कारखान्यातले माझे साहेब कुरकुरले होते.

मी पोचले तेव्हा मेकॅनिक तालुक्याहून आणलेली पंख्याची नवी मोटर बसवत होता. थोड्याच वेळात यंत्र घुमू लागलं. तासाभरानं दुधाच्या टाकीला हात लावून सुनंदाताई ओरडल्या, “मॅडम, गार लागतंय! वाचलं दूध!”

मीही हात लावला. इतकी वर्षं कारखान्यातून यंत्रं पाठवली, पण त्यांचा गारवा माझ्या हाताला पहिल्यांदाच लागत होता. मी हात बराच वेळ काढला नाही.